संगणक-जाळ्यातील लगतदार : ओळख आणि गाळणी

(कार्यालयीन संगणक-जाळ्याची देखभाल पाहणारे कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपणांपैकी बहुतेकांनी जमिनीचे खरेदीखत कधी ना कधी वाचले असेल. त्यात गट क्रमांक आणि क्षेत्र यांबरोबर चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस अमुक यांचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस तमुक यांची विहीर. जमीन कोठे आहे हे तिच्या लगतदारांवरून ओळखण्याची ही आपली जुनी रीत आहे. चतुःसीमेत एक नाव चुकले, तर पुढे किती वर्षे आणि किती पैसा त्यापायी जातो, हे मी आपणांस सांगावयास नको.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो वरवर पाहता फार तांत्रिक वाटेल. परंतु त्याचे मर्म या चतुःसीमेत आहे. कार्यालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत संगणकांना जोडणारा जो स्विच असतो, त्याच्या प्रत्येक पोर्टच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, ही त्या स्विचची चतुःसीमा होय. ही माहिती उपकरणे आपापसांत कशी देतात, तीत नको ती नावे कशी शिरतात, आणि ती गाळावयाची असतील तर कोणत्या विवेकाने गाळावीत, एवढाच आजचा विषय आहे.

एका कचेरीतील दोन दिवस

प्रथम एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका कचेरीत मला जाण्याचा प्रसंग आला. तेथील लेखाशाखा आणि अभिलेखशाखा या दोन्ही ठिकाणचे संगणक मधूनमधून जाळ्यातून तुटत. कधी दहा मिनिटे, कधी तासभर. बाहेर दाखल्यांसाठी आलेली माणसे बाकांवर बसून होती. त्यांतील कित्येकजण त्या दिवसाची मजुरी बुडवून आले होते.

दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने मुख्य स्विचवर शेजाऱ्यांची यादी काढली. सातव्या पोर्टवर त्यास दोन नावे दिसली : एक लेखाशाखेच्या स्विचचे, दुसरे अभिलेखशाखेच्या स्विचचे. एका पोर्टमध्ये एकच केबल बसते. तिच्या टोकाला दोन स्विच कसे असतील, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला नाही. यादीतील पहिले नाव खरे धरून त्याने लेखाशाखेपर्यंतची केबल दोषी ठरविली. ती काढून नवी टाकण्यात दोन दिवस गेले. दोष होता तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी कचेरीतील एका जुन्या शिपायाने सहज म्हटले, “साहेब, त्या दप्तराच्या कपाटावर एक छोटी डबी आहे, तिचा दिवा मधूनच जातो. ती बघितली का?” कपाटावर धुळीत एक स्वस्तातला लहान स्विच पडून होता. कोणी आणला, केव्हा लावला, याची नोंद नव्हती. मुख्य स्विचची केबल त्यात येत होती आणि तेथून दोन शाखांकडे दोन केबली जात होत्या. त्याचा विजेचा प्लग सैल झाला होता. प्लग घट्ट बसविताच काम सुरळीत झाले.

या प्रसंगात दोष तंत्रज्ञाच्या हाताचा नव्हता. यादी वाचण्याचा होता. ती यादी कशी तयार होते हे त्यास उमगले असते, तर त्या दोन नावांनीच त्यास कपाटापर्यंत नेले असते.

उपकरणांची दवंडी

आता ही यादी तयार कशी होते ते पाहू. जाळ्यातील उपकरण ठराविक वेळाने आपल्या प्रत्येक पोर्टमधून एक लहानसा संदेश बाहेर टाकते. त्याचा आशय असा : मी अमुक उपकरण, हा माझा अमुक पोर्ट, आणि ही माहिती इतके सेकंद खरी माना. गावात दवंडी पिटावी, तसा हा प्रकार आहे. ऐकणारा उत्तर देत नाही. तो फक्त आपल्या वहीत नोंद करतो आणि आपल्या वेळी आपली दवंडी देतो.

अशी पद्धत सिस्को या कंपनीने १९९४ मध्ये आपल्या उपकरणांसाठी विकसित केली. तिला ‘सीडीपी’ म्हणतात. इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धती काढल्या. परिणाम असा झाला की एका कंपनीचे उपकरण दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाची भाषा समजेना. ही अडचण ओळखून ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने २००५ मध्ये ‘८०२.१एबी’ हे सर्वांसाठीचे मानक प्रसिद्ध केले. त्यातील पद्धतीचे नाव ‘लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल’, संक्षेपाने ‘एलएलडीपी’. २००९ आणि २०१६ मध्ये या मानकाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

एलएलडीपीच्या संदेशात तीन गोष्टी सक्तीच्या असतात : उपकरणाची ओळख, पोर्टची ओळख आणि माहितीची मुदत. याखेरीज उपकरणाचे नाव, त्याचे वर्णन, पोर्टचे वर्णन, उपकरण काय काम करू शकते, आणि त्याच्या व्यवस्थापनाचा पत्ता ही माहिती ऐच्छिक असते. संदेश साधारणतः दर ३० सेकंदांनी निघतो आणि त्याची मुदत बहुतेक उपकरणांत सुमारे १२० सेकंद, म्हणजे चार संदेशांइतकी ठेवलेली असते. शेजारी अकस्मात बंद पडला तर त्याचे नाव यादीतून सुमारे दोन मिनिटांनी जाते. तो रीतसर बंद झाला तर जाता जाता शून्य मुदतीचा संदेश पाठवितो आणि त्याचे नाव तत्काळ पुसले जाते. म्हणून केबल हलविल्यानंतर लगेच यादी पाहून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन मिनिटे थांबावे, हा पहिला व्यावहारिक धडा.

दूरचा आवाज जवळ कसा येतो

दवंडी शेजाऱ्यासाठीच असेल तर दूरच्याचा आवाज आपल्यापर्यंत का यावा? येथे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

एलएलडीपीचा संदेश एका राखीव पत्त्यावर जातो : ०१-८०-सी२-००-००-०ई. या मालिकेतील सोळा पत्ते असे राखून ठेवले आहेत की, मानक पाळणाऱ्या स्विचने त्यांवर आलेला संदेश पुढे जाऊ देऊ नये. स्वतःस समजला तर वाचावा, नाही तर टाकून द्यावा. असे झाले की आवाज एका केबलीपुरताच राहतो आणि यादीत खरा लगतदारच येतो.

व्यवहारात मात्र दोन कारणांनी हा बांध फुटतो. पहिले कारण, बाजारात मिळणारे काही साधे स्विच हा नियम पाळीत नाहीत. ते स्वतः काही बोलत नाहीत आणि दुसऱ्याचे बोलणे अडवीतही नाहीत. आलेला संदेश सर्व पोर्टांतून पुढे सोडतात. कपाटावरची ती डबी नेमकी अशीच होती. दुसरे कारण, सीडीपीचा पत्ता या सोळा पत्त्यांत मोडत नाही. सीडीपी ज्यास कळत नाही असा स्विच तो संदेश सामान्य सामूहिक संदेश समजून सर्वत्र पसरवितो. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र असलेल्या जाळ्यात एकाच पोर्टवर पाच-सहा शेजारी दिसू लागतात. त्यांतला खरा लगतदार एकच असतो. बाकीचे बांधापलीकडून ऐकू येणारे असतात.

आत येणाऱ्या नावांची गाळणी

या गोंधळावर उपाय म्हणून शेजाऱ्यांची गाळणी करण्याची सोय काही प्रणालींत दिलेली असते. तिचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘एलएलडीपीडी’ ही मुक्त प्रणाली. फ्रेंच संगणकतज्ज्ञ व्हिन्सेंट बेर्ना यांनी ती लिहिली असून लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरांवर ती वापरतात. एलएलडीपी, सीडीपी आणि आणखी काही कंपन्यांच्या भाषा तिला समजतात. गाळणी कशी असावी हे ती सुरू करताना ‘एच’ या अक्षराच्या खुणेपुढे एक संख्या लिहून ठरविता येते. येणारे संदेश आणि जाणारे संदेश यांच्यासाठी वेगवेगळे नियम निवडता येतात, आणि प्रत्येक पोर्टचा निर्णय स्वतंत्र होतो.

येणाऱ्या संदेशांसाठीचा तिचा नियम मोठा मार्मिक आहे. ज्या भाषेतले शेजारी सर्वांत कमी, ती भाषा खऱ्या लगतदाराची मानावी, असा तो नियम आहे. प्रथमदर्शनी हे उलटे वाटेल. बहुमत मानावयाची आपणांस सवय आहे. परंतु उदाहरण घ्या. एका सर्व्हरच्या पोर्टवर सीडीपी बोलणारे पाच आणि एलएलडीपी बोलणारा एक शेजारी दिसतो. केबलीच्या टोकाला तर एकच उपकरण आहे. ते सीडीपी जाणत असते, तर त्याने इतरांचे सीडीपी संदेश स्वतःपाशीच थांबविले असते आणि यादीत सीडीपीचे एकच नाव आले असते. पाच आली, याचा अर्थ मधले उपकरण ती भाषा जाणत नाही व तिला वाट देते. उलट एलएलडीपीचे एकच नाव आले, म्हणजे ती भाषा ते उपकरण अडविते आणि स्वतः बोलते. खरा लगतदार तोच. जी भाषा दारात थांबते ती घरधन्याची, आणि जी घरातून आरपार जाते ती वाटसरूंची, असे हे तर्कशास्त्र आहे.

दोन भाषांतील शेजाऱ्यांची संख्या सारखी निघाली तर दोन्ही ठेवावयाच्या की एकच, हे आपण ठरवू शकतो. तसेच निवडलेल्या भाषेत अनेक शेजारी असतील, तर सर्व दाखवावेत की एकच, हेही ठरविता येते. येथेच सावध राहावयास हवे. एकच दाखवावा असे आपण सांगितले, तर अनेकांतून कोणता निवडला जाईल याचा काही नियम नाही. तो खरा लगतदार असेलच असे मानता येत नाही.

गाळणी आणि पुरावा

आता पुन्हा त्या कचेरीकडे वळू. सातव्या पोर्टवरील दोन्ही शेजारी एलएलडीपीच बोलत होते. कमी संख्येच्या भाषेचा नियम तेथे लावता आला नसता, कारण भाषा एकच होती. आणि एकच शेजारी दाखविण्याची गाळणी लावली असती, तर यादीत एक नाव राहिले असते, यादी नीटनेटकी दिसली असती, आणि मध्ये कोणीतरी मुके उपकरण आहे याचा एकमेव पुरावा पुसला गेला असता. खरा लगतदार ती डबी होती आणि ती तर बोलतच नव्हती.

म्हणून माझे आपणांस आग्रहाचे सांगणे असे की, गाळणी ही तपासणीनंतर करावयाची गोष्ट आहे. तपासणीऐवजी करावयाची नव्हे. एका पोर्टवर दोन नावे दिसली, तर प्रथम प्रत्यक्ष केबलीमागे चालत जावे. मोजणीदार जसा कागदावरच्या चतुःसीमेवर न थांबता बांधावर जाऊन उभा राहतो, तसे जावे. मधले उपकरण सापडले, त्याची नोंद झाली, त्यानंतरही यादीत गर्दी राहिली, तर खुशाल गाळणी लावावी. मग ती गाळणी ज्ञानावर उभी असेल.

एकापेक्षा अधिक शेजारी योग्यच असतात, अशीही ठिकाणे आहेत. टेबलावरील दूरध्वनी-यंत्र जाळ्याला जोडलेले आणि त्याच्या पाठीमागे संगणक, अशी रचना पुष्कळ कार्यालयांत असते. अशा पोर्टवर दोन नावे दिसली तर त्यांत वावगे काही नाही. तेथे एकच शेजारी ठेवण्याचा हट्ट धरू नये.

बाहेर जाणाऱ्या शब्दांची गाळणी

आतापर्यंत आपण काय ऐकावे याचा विचार केला. आपण काय बोलावे आणि कोणापुढे बोलावे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. दवंडी ऐकणारा प्रत्येकजण आपलाच असतो असे नाही.

एलएलडीपीच्या संदेशावर कोणतीही मोहोर किंवा सही नसते. जो केबल लावील तो ती माहिती वाचू शकतो; आणि जो बोलेल तो खोटे नावही सांगू शकतो. उपकरणाच्या वर्णनात बहुधा त्याची जात आणि त्यातील प्रणालीची आवृत्ती लिहिलेली असते. सभागृहाच्या भिंतीवरील मोकळ्या पोर्टमध्ये कोणा परक्याने आपला संगणक जोडला, तर अर्ध्या मिनिटात त्यास हे सारे न मागता मिळते. जुन्या आवृत्तीतील कोणते दोष अजून बुजविलेले नाहीत, हे शोधणे मग त्यास सोपे जाते.

ऐकण्यातही धोका आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्मिस या सुरक्षा-संस्थेने सिस्कोच्या सीडीपी हाताळणाऱ्या प्रणालींतील पाच दोष जाहीर केले. त्याच जाळ्यात शिरलेला माणूस मुद्दाम बिघडवलेला संदेश पाठवून त्यांचा गैरफायदा घेऊ शकत होता. कंपनीने त्यांवर दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या. यातून ध्यानात ठेवावयाचे ते असे की, गाळणीने असा हल्ला थांबत नाही. गाळावयाचे की ठेवावयाचे हे ठरविण्यासाठी संदेश आधी वाचावाच लागतो, आणि दोष तर वाचण्याच्या क्रियेत होता. म्हणून शेजार-गाळणीस संरक्षणाची भिंत समजू नये. जेथे परके लोक येतात त्या पोर्टवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही बंद ठेवणे व प्रणाली अद्ययावत ठेवणे, हाच उपाय होय.

मानकाने प्रत्येक पोर्टसाठी चार पर्याय दिले आहेत : बोलणे व ऐकणे दोन्ही, केवळ बोलणे, केवळ ऐकणे, किंवा दोन्ही बंद. आपल्याच स्विचांना जोडणाऱ्या पोर्टांवर पहिला पर्याय ठेवावा. बाहेरील संस्थेकडे जाणाऱ्या आणि लोकांसाठी मोकळ्या असलेल्या पोर्टांवर चौथा ठेवावा.

मात्र सरसकट बंद करण्याचा मोहही टाळावा. दूरध्वनी-यंत्रांसाठी २००६ मध्ये एलएलडीपीला ‘एमईडी’ ही पुरवणी जोडण्यात आली. आवाजाची वाहतूक कोणत्या मार्गाने करावी हे तीनुसार स्विच यंत्रास सांगतो. काही वाय-फाय उपकरणे आपल्याला केबलीतून किती वीज हवी हेही एलएलडीपीच्याच संदेशातून कळवितात. अशा पोर्टवरचा संवाद तोडला, तर दूरध्वनी मुका होतो किंवा वाय-फाय अर्धपोटी चालते, आणि कारण कोणाच्याही ध्यानात येत नाही.

आपण काय करावे

शेवटी थोडक्यात कार्यक्रम सांगतो. पहिली गोष्ट, प्रत्येक स्विचला अर्थपूर्ण नाव द्यावे. कारखान्यातून आलेले नाव तसेच ठेवू नये. खोली व मजला कळेल असे नाव असावे. दुसरी गोष्ट, गाळणी न लावता प्रत्येक पोर्टची यादी काही मिनिटे पाहावी आणि ती उतरवून घ्यावी. तिसरी, जेथे एकाहून अधिक नावे किंवा अनोळखी नाव दिसेल, तेथे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. चौथी, त्यानंतरच पोर्टागणिक गाळणी ठरवावी आणि ती का लावली याचे एक वाक्य नोंदवहीत लिहावे. पाचवी, कोणतेही नवे उपकरण लावले, मग ते कपाटावरची डबी का असेना, की त्याच दिवशी त्याची नोंद करावी.

या पाच गोष्टींपैकी केवळ दुसरीला आणि चौथीला तंत्रज्ञ लागतो. बाकीच्या तीन शाळेतील शिक्षक, कार्यालयातील लिपिक किंवा ग्रामपंचायतीचा सदस्य करू शकतो. शाळेच्या संगणककक्षातील केबलींचा नकाशा वरच्या वर्गातील मुलांकडून काढून घेता येईल. त्यांना तो एक उत्तम पाठ होईल. ग्रामपंचायतीच्या जडवस्तू-संग्रह नोंदवहीत खुर्च्या आणि टेबले लिहितो, तशी ही उपकरणेही लिहावीत.

गेल्या काही वर्षांत सात-बाराचा उतारा, दाखले, निवृत्तिवेतनाची कामे, सारे संगणकावर आले. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंच्या वाहिन्या नेण्याचे काम झाले. त्यामुळे एका पोर्टच्या टोकाला काय आहे, हा प्रश्न आता एकट्या तंत्रज्ञाचा राहिलेला नाही. ते न कळल्यामुळे जे दोन दिवस वाया गेले, ते त्या बाकांवर बसलेल्या माणसांचे होते.

त्या कचेरीतील शिपायाने यादी पाहिली नव्हती. त्याने दिवा पाहिला होता. आपणही यादी वाचावी, गाळणी विवेकाने लावावी, आणि दिवा पाहणाऱ्या माणसाला विचारण्यास विसरू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.